तोतारामभाऊंचं तोंड

पितांबर धुळ्याला आग्रा रोडवरच्या रतिलालशेठच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी विकायच्या कामाला होता. काम फिरतीचं. सकाळी एस.टी. धरायची, शिरपूर, साक्री, शिंदखेड्याकडच्या गावांत हिंडायचं, कोणाला मोटार हवी ते बघायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. माणूस कष्टाळू, बोलायला गोड. तरी निम्म्या वेळा त्याची सकाळची गाडी चुकायची, कारण घरातून निघणं ही त्याच्या लेखी फार जोखमीची गोष्ट होती.

पहिली अडचण शर्टाची. नोकरीतली पहिली मोटार त्यानं पिवळा शर्ट घालून विकली होती. तेव्हापासून महत्त्वाच्या कामाला तोच शर्ट. तो नुसता पाण्यातून काढायचा, घासायचा नाही, घासला तर गुण उतरतो असं त्याचं म्हणणं. मग उंबऱ्याशी उभं राहून नाकाखाली बोट धरायचं आणि कोणती नाकपुडी चालू आहे ते बघायचं. उजवी नसेल तर ती चालू होईपर्यंत थांबायचं. एवढं जमून पाय बाहेर टाकावा आणि घरात कोणी शिंकावं, की परत आत येऊन बसायचं. त्याची बायको कुंदा तो जाईपर्यंत मिरचीची फोडणी द्यायची नाही. एकदा विसरून दिली आणि दोघंही इतकी शिंकली की त्या दिवशी पितांबर कामावरच गेला नाही.

आणि सगळ्यांत मोठं संकट म्हणजे शेजारचे तोतारामभाऊ.

तोतारामभाऊ कोर्टात बेलीफ होते. समन्स पोचवायचं, दारावर नोटीस चिकटवायची, जप्तीला उभं राहायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. ते दारात आले म्हणजे घरात रडारड ठरलेली. निवृत्त होऊन वर्षं झाली, बायको वारली, मुलगी लग्न होऊन दीपनगरला गेली, तरी गल्लीनं त्यांचं तोंड माफ केलं नव्हतं. सकाळी त्यांचं दार वाजलं की समोरची दारं लागायची. परीक्षेला निघालेली पोरं मान खाली घालून पळायची. पितांबर तर आधी खिडकीतून बघायचा, भाऊ ओट्यावर असले तर मागच्या बोळातून, गटार ओलांडून स्टँडला जायचा.

कुंदाला मात्र एक गोष्ट दिसली होती आणि ती तिच्या मनातून जात नव्हती. तोतारामभाऊ स्वतःच दार किलकिलं करून गल्लीत कोणी नाही ना ते बघायचे आणि मग दुधाचं भांडं घेऊन झपझप निघायचे. एवढा उंच माणूस, पांढऱ्या मिशा, काळी टोपी, आणि चोरासारखा भिंतीच्या कडेनं चालायचा.

त्या साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कुंदा माहेरी जळगावला निघाली, तेव्हा पितांबरनं तिच्या हातात आपली पत्रिका दिली.

"तिथे ते ज्योतिषी आहेत ना, मुंबईहून लोक येतात त्यांच्याकडे. त्यांना दाखव. म्हणावं, सहा वर्षं झाली, माझ्यामागून लागलेली माणसं पुढे गेली. माझंच का अडतं ते विचार. आणि जे सांगतील ते नीट ध्यानात ठेव. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

कुंदा गेली. आखाजी झाली, झोके झाले, सांजोऱ्या झाल्या. परत यायच्या आदल्या दिवशी ती धाकट्या बहिणीला, पुष्पाला, घेऊन ज्योतिषांकडे पोचली. दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला. आतून एकजण सांगत आला की आज नंबर लागणं कठीण, दुपारभर बसावं लागेल, तरी नक्की नाही. वर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

पुष्पा म्हणाली, "अक्का, चौकापलीकडे पिक्चर लागलाय. बारा ते तीन. आत पंखे आहेत."

कुंदानं चपलांच्या ढिगाकडे पाहिलं, पिशवीतल्या पत्रिकेकडे पाहिलं. लग्नानंतर तिनं थेटरात पाय ठेवला नव्हता, कारण पितांबरला एका गुरुजींनी अंधारात बसायचं टाळा म्हणून सांगितलं होतं.

"आणि यांना काय सांगू?"

"सांग काहीतरी. तुझा नवरा तुझ्याइतका त्या ज्योतिषाला कळणार आहे का?"

दोघी पिक्चरला गेल्या. भरपूर रडल्या, बर्फाचे गोळे खाल्ले, लाल जिभा घेऊन घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त खिडकीशी बसल्यावर कुंदाला घाम फुटला. एरंडोल येईपर्यंत तिला काही सुचेना. एरंडोल सोडलं आणि हळूहळू सुचायला लागलं. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तोवर तिला इतकं सुचलं होतं की काय ठेवावं आणि काय गाळावं हा प्रश्न पडला. धुळं आलं तेव्हा तिचा चेहरा एखाद्या गुरूकडून अनुग्रह घेऊन आलेल्या बाईसारखा झाला होता.

पितांबर स्टँडवरच घ्यायला आला होता. घरी पोचेपर्यंत त्याला धीर धरवेना.

"काय म्हणाले?"

"आधी पाणी पिऊ द्या." ती सावकाश पाणी प्यायली. "म्हणाले, पत्रिका उत्तम आहे. पण याला पिवळा रंग अजिबात सोसत नाही. अंगात पिवळं म्हणजे आलेली लक्ष्मी परत."

पितांबर खाटेवर बसला. "पण पहिली मोटार..."

"ते म्हणाले, पिवळं असूनही विकली गेली, तर नसतं तेव्हा किती विकल्या गेल्या असत्या, याचा विचार करा."

पितांबरनं विचार केला आणि मान डोलावली.

"आणि शिंक. जगाला वाईट असेल, पण तुमच्या ग्रहांना शिंक म्हणजे शुभ. निघताना घरात शिंक झाली तर वाट अजिबात मोडायची नाही, उलट पाय उचलायचा. नाकपुडी बघायची नाही. त्यानं वारा खोळंबतो."

"बरं."

"शनिवारी संध्याकाळी घरातल्या बाईनं चुलीला हात लावायचा नाही. कर्त्या पुरुषानं स्वतः रांधून तिला वाढायचं. निदान भरीत-भाकरी."

पितांबरनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. पण ती पदरानं वारा घेत छताकडे बघत होती.

"आणि शेवटचं जरा अवघड आहे. रोज कामाला निघताना उगवतीच्या शेजाऱ्याचं तोंड बघायचं. नुसतं बघायचं नाही. राम राम करायचा आणि तब्येत विचारायची. तो उत्तर देईल ते पूर्ण ऐकून मगच पाऊल उचलायचं."

"उगवतीला म्हणजे..." पितांबरनं भिंतीकडे बोट केलं. "अगं, तिकडे तोताराम बेलीफ आहे."

"मी त्यांना नाव सांगितलं नाही. त्यांनी दिशाच सांगितली."

त्या दिवशी पितांबर नीट जेवला नाही. पण ज्योतिषाच्या शब्दाबाहेर जायची त्याची छाती नव्हती. सकाळी निळा शर्ट घालून, कुंदानं मिरचीची जळजळीत फोडणी दिलेली असताना, दोन शिंका देऊन तो उंबऱ्याबाहेर पडला. तोतारामभाऊंचं दार किलकिलं होतं. पितांबर समोर जाऊन उभा राहिला.

"राम राम भाऊ. तब्येत कशी आहे?"

आधी फटीतून एक डोळा दिसला. मग दार उघडलं.

"कोन गया?" तोतारामभाऊंनी विचारलं. त्यांना वाटलं, गल्लीत कोणी वारलं असणार, एरवी सकाळी आपल्या दारात कोण येतंय.

"कोणी नाही. सहज. तुमची तब्येत विचारायला."

"मन्ही तब्येत? कोनी सांगं तुले?"

"कोणी नाही. शेजारी आहोत आपण."

हे सहा वर्षांनी कळलं का, असं ते म्हणाले नाहीत. डोळे मात्र तसं म्हणाले. पण माणूस समोर उभाच आहे, हलत नाही, म्हटल्यावर त्यांनी गुडघ्याचं सांगितलं. मग दाताचं सांगितलं. पितांबरला पूर्ण ऐकायचंच होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तू आज कथा जाई ऱ्हायना?"

"नरडाण्याकडे."

"मंग नरडाणाना फुढे त्या दोन भाऊ शेतस, पाटील. त्या वायला निंघनात. विहीर थोरलाले गयी. धाकलानी नवी खंदी, पानी लागनं. तठे जाय. मन्हं नाव सांगू नको."

पितांबर गेला. धाकट्या भावानं विहीर खणली होती, पाणी लागलं होतं आणि मोटार कोणती घ्यावी या विचारात तो बांधावर बसलेला होता. संध्याकाळी पितांबर पेढे घेऊन घरी आला. कुंदानं पेढा तोंडात टाकला आणि देवाला हात जोडले. तिला स्वतःलाच जरा भीती वाटली होती.

खरं पाहिलं तर यात जादू नव्हती. समन्स घेऊन जन्मभर पायी हिंडलेल्या माणसाला धुळे जिल्ह्यातलं शेत न् शेत ठाऊक होतं. कोणाची वाटणी झाली, कोणाची बायको हिशोबाला पक्की, कोणाला आधी चहा पाजावा लागतो आणि कोणासमोर आधी त्याच्या बैलाचं कौतुक करावं लागतं. त्यांना हे सगळं विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच. आता रोज सकाळी एक माणूस दारात येऊन त्यांचं ऐकून घेत होता. आणि पितांबर पहिल्या गाडीला वेळेवर पोचत होता, हेही होतंच. पण त्याचं डोकं त्या वाटेला गेलं नाही. त्याच्या मते सगळं काम तोंडाचं होतं.

हे त्यानं पोटात ठेवलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्यानं दुकानात सांगितलं. दुकानातून ते समोरच्या टपरीवर गेलं आणि टपरीवरून गल्लीत आलं. बँकेत इंटरव्ह्यूला निघालेल्या एका मुलानं गंमत म्हणून तोतारामभाऊंना नमस्कार केला आणि त्याला नोकरी लागली. झालं. पावसाळा संपेपर्यंत सकाळी तोतारामभाऊंच्या ओट्यासमोर माणसं उभी राहायला लागली. परीक्षेची पोरं, मुलगी बघायला निघालेली मंडळी, दवाखान्यात बाळंतपणाला चाललेली बाई. ज्या तोंडाला बघून दारं लागायची, त्याच्यासाठी लोक अंघोळ करून यायला लागले.

तोतारामभाऊ आधी बावरले. मग त्यांना ते आवडलं. मग फारच आवडलं. ते रोज दाढी करायला लागले, टोपीला इस्त्री आली, ओट्यावर खुर्ची आली. दर्शनाला आलेल्या माणसाला ते फुकट सल्ले द्यायला लागले. मुलाकडच्यांना म्हणायचे, "तठे नका जाऊ. त्या घरमा दोन डाव जप्ती व्हयेल शे."

आणि त्यांची स्मरणशक्ती बेलीफाची होती. समोरच्या मंदाबाईनं वर्षानुवर्षं त्यांना बघून धाडकन दार लावलं होतं. आता तिचा मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणार होता. ती त्याला घेऊन यायची, तेव्हा भाऊ शांतपणे वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरायचे.

"भाऊ, पेपर जरा खाली घ्या ना. पोराचा पेपर आहे."

"वाची ऱ्हायनू," पेपराच्या मागून आवाज यायचा.

शेवटी मंदाबाईनं शेवभाजीचा डबा पाठवला, तेव्हा पेपर नाकापर्यंत खाली आला.

कुंदा खिडकीतून हे बघायची. कधी तोंडात पदर कोंबून हसायची, कधी तिला धास्ती वाटायची. शनिवारी पितांबर चुलीपुढे डोळे चोळत वांगी भाजायचा, तेव्हा तिला सांगून टाकावंसं वाटायचं. पण भरीत चांगलं व्हायला लागलं होतं.

दिवाळीआधी रतिलालशेठनी जळगावला दुसरं दुकान काढायचं ठरवलं. बाजाराच्या रस्त्यावर जागा मिळाली. ते सांभाळायला कोण, हे शेठनी सांगितलं नव्हतं. पण उद्घाटनाच्या दिवशी पितांबरला जळगावला बोलावलं होतं. "येताना तोंड बघून ये," शेठ डोळा मिचकावून म्हणाले होते.

त्या दिवशी पितांबर पहाटे उठला. नवा निळा शर्ट. कुंदानं फोडणी दिली, त्यानं दोन शिंका दिल्या, दही-साखर खाल्ली आणि बाहेर गेला. तोतारामभाऊंच्या दाराला कुलूप होतं.

तो ओट्यावर बसून राहिला. दर्शनाला आलेली मंडळी कुलूप बघून हळहळून गेली. पहिली गाडी गेली. दुसरीही जायची वेळ झाली.

"अहो, निघा ना," कुंदा येऊन म्हणाली.

"कसा निघू? आजच नेमकं. दीपनगरला गेला असेल पोरीकडे. न सांगता गेला, म्हणजे माझं काही खरं नाही. मी जात नाही. शेठला कळवतो, ताप आला म्हणून."

कुंदानं एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी ओट्यावर बसली.

"मी ज्योतिषाकडे गेलेच नव्हते," ती म्हणाली.

पितांबरला आधी कळलंच नाही.

"तिथे फार गर्दी होती. मी आणि पुष्पा पिक्चरला गेलो. ते सगळं मी येताना एस.टी.त बसून ठरवलं. पिवळा शर्ट मला आवडत नव्हता. वास यायचा. शिंकांनी तुमची गाडी चुकायची. आणि हे भाऊ भिंतीच्या कडेनं चालायचे, ते मला बघवत नव्हतं."

"आणि शनिवार?"

"ते माझ्यासाठी."

पितांबरनं आपल्या निळ्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. "मग मोटारी कशा विकल्या गेल्या?"

"तुम्ही विकल्यात. वेळेवर गेलात, लोकांचं ऐकून घेतलंत. भाऊंनी वाट दाखवली. बाकी काही नव्हतं त्यात."

बायको असं म्हणते तर माणसानं खूश व्हावं. पितांबर झाला नाही. त्याला कोणीतरी अंगावरची गोधडी काढून घेतल्यासारखं वाटलं. तो उठला, पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालू लागला. मागे वळून पाहिलं नाही. ते रागानं, की सवयीनं, हे कुंदाला कळलं नाही.

जळगावला पोचला तेव्हा दुकानापुढे केळीचे खुंट लागले होते, आत शेठ गडबडीत होते.

"काय रे, उशीर? तोंड बघितलं का आज?"

एस.टी.त पूर्ण वाट पितांबर याच प्रश्नाला काय सांगायचं ते ठरवत आला होता. हो म्हणणं सोपं होतं. पण सकाळपासून तो इतका वैतागलेला होता की खोटं बोलायलाही त्याला कंटाळा आला.

"नाही बघितलं. आणि त्यात काही अर्थ नाही, शेठ. ते सगळं माझ्या बायकोनं एस.टी.त बसून रचलेलं होतं. तोतारामभाऊंचं तोंड म्हणजे तुमच्याआमच्यासारखंच एक तोंड आहे."

शेठ पितांबरच्या खांद्यावरून मागे बघत होते. पितांबरनं वळून पाहिलं. दाराच्या आतल्या अंगाला, नव्या खुर्चीत, गळ्यात झेंडूचा हार आणि मांडीवर नारळ घेऊन तोतारामभाऊ बसलेले होते.

शेठनी आदल्या दिवशीच त्यांना गुपचूप आपल्या गाडीतून आणलं होतं. दुकानात पहिलं पाऊल त्यांचंच पडावं, पहिलं तोंड त्यांचंच दिसावं आणि त्या दिवसाचा गुण गल्लीत वाटला जाऊ नये, म्हणून कोणाला सांगू नका असंही बजावलं होतं.

भाऊंनी हार काढून नारळावर ठेवला.

"म्हंजे मन्हं तोंड वाईटबी नही आनि चांगलंबी नही," ते म्हणाले. "नुसतंच तोंड शे."

"भाऊ, मला तसं म्हणायचं नव्हतं," पितांबर म्हणाला, पण त्याला तसंच म्हणायचं होतं आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.

शेठ व्यापारी माणूस. त्यांनी पितांबरला बाजूला घेतलं. "हे बघ, निमंत्रणपत्रिका वाटून झाल्यात, पेढे आलेत. आजचा दिवस तोंड शुभ आहे. उद्यापासून तुला काय ठरवायचं ते ठरव." मग भाऊंकडे वळून ते आवाज गोड करून म्हणाले, "भाऊ, बसून कंटाळलात ना? एवढा कागद लावता का दारावर? 'दुकान आजपासून सुरू'. माझा पोऱ्या वाकडा लावतो."

भाऊंनी कागद घेतला. मन खट्टू होतं, पण हाताला काम ओळखीचं होतं. बाहेर जाऊन त्यांनी चारी कोपऱ्यांना खळ लावली, कागद दारावर बरोबर मधोमध चिकटवला, तळहातानं दाबला, दोन पावलं मागे सरून टोपी नीट केली आणि दुकानाकडे कडक नजरेनं पाहिलं.

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून धुळे जिल्ह्यातल्या बेटावदकडचा एक शेतकरी, यादव नावाचा, लेकीला भेटून बाजार करायला चालला होता. त्यानं ती टोपी बघितली, त्या मिशा बघितल्या, दारावरचा कागद बघितला आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या काकांच्या दारावर असाच कागद याच माणसानं लावला होता.

"भाऊ, दुकान जप्तीमा गयं का?" त्यानं जवळ येऊन हळूच विचारलं.

तोतारामभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. एका शब्दात नाही म्हणता आलं असतं. पण नुकताच त्यांचा अपमान झालेला होता, आणि नोकरीतलं एक जुनं वाक्य आपोआप जिभेवर आलं.

"माले सांगाना अधिकार नही."

यादवला एवढं पुरे झालं. तो बाजारात शिरला आणि अर्ध्या घटकेत बाजारभर झालं की नवीन मोटारींचं दुकान उघडायच्या आधीच जप्त झालं, माल लिलावात जाणार, मातीमोल भावात. केळीवाले, कापूसवाले, भावकीतली भांडणं मिटवायला आलेले, सगळे बाजाराच्या रस्त्याला लागले. दुकानापुढे ही गर्दी झाली. शेठ आतून बघत राहिले. एवढी माणसं त्यांच्या धुळ्याच्या दुकानात वर्षभरात आली नव्हती.

"लिलाव कव्हा शे?" एकानं ओरडून विचारलं.

शेठचा चेहरा पडला. पितांबरला सगळा प्रकार उलगडला. त्यानं भाऊंकडे पाहिलं. भाऊ आकाशाकडे बघत मिशी पिळत होते.

मग पितांबर पायरीवर जाऊन उभा राहिला. "राम राम मंडळी. लिलाव नाही, जप्ती नाही. दुकान आज नवीन उघडतंय आणि हे भाऊ आमचे पाहुणे आहेत. तुम्हाला चुकीचं कळलं. पण एवढं ऊन तुडवत आलात तर पेढा खाऊन जा. मोटार घेतलीच पाहिजे असं नाही."

काहीजण बडबडत निघून गेले. बरेचजण हसले आणि पेढ्यासाठी थांबले. पेढा हातात देताना पितांबर प्रत्येकाला विचारत गेला, गाव कोणतं, विहीर किती खोल, पोरं काय करतात, गुडघे दुखतात का. त्याला आता तशी सवयच लागून गेली होती, न विचारता पुढे जाववत नव्हतं. आणि तोतारामभाऊ मागून हळूच सांगत होते, "याले उधार देऊ नको. त्याले दे. तो बोलना पक्का शे." यादवनं स्वतःच दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन यायचं कबूल केलं. काकांची नोटीस विसरून तो भाऊंच्या पायाही पडला.

संध्याकाळी शेठनी दुकानाच्या किल्ल्या पितांबरच्या हातात दिल्या. "तू म्हणतोस त्या तोंडात काही नाही. मी तर आज डोळ्यांनी बघितलं," ते म्हणाले. पितांबरनं समजावायचा प्रयत्न केला. शेठनी ऐकून घेतलं नाही.

परतीच्या गाडीत पितांबर आणि तोतारामभाऊ शेजारी बसले. पारोळ्यापर्यंत भाऊ मांडीवरचा नारळ फिरवत राहिले.

"पोरगी हुशार शे तुन्ही," शेवटी भाऊ म्हणाले. त्यांना बायको म्हणायचं होतं. "तिले सांग, मी रागे नही. खुर्चीवर बसी बसी पाठ दुखस. आते कोनी उना नही ते बरं."

पण लोक यायचे थांबले नाहीत. कुंदानं मंदाबाईला सगळं खरं सांगितलं. मंदाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं तोंड तुम्हालाच ठेवायचं असेल. म्हणून सांगतेस असं." आणि ती डबा घेऊन पलीकडे गेली. भाऊ शेवटी थंडीचे दोन महिने दीपनगरला लेकीकडे जाऊन राहिले. तिथे पॉवर हाउसच्या कॉलनीत त्यांना कोणी ओळखत नव्हतं. सकाळी ते रस्त्याच्या मधोमध फिरायला जायचे.

पितांबर कुंदाशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत त्यानं विचारलं, "त्या पिक्चरची गोष्ट काय होती?" तिनं सांगायला सुरुवात केली. तो मधूनच "मग?" म्हणत राहिला. हात वाळले तरी दोघं उठली नाहीत. नायिकेची आई मरते तिथे कुंदा पुन्हा रडली आणि पितांबरनंही नाक ओढलं.

दिवाळी झाल्यावर त्यांनी जळगावला बिऱ्हाड हलवलं. ट्रकमध्ये खाट, कपाट, भांडी चढवली. कुंदा पुढे ड्रायव्हरजवळ बसली. पारोळ्याच्या अलीकडे मोठा आवाज झाला आणि मागचं चाक बसलं. नव्या बिऱ्हाडाला निघताना असं व्हावं, म्हणून ड्रायव्हर हळहळला, लिंबू आहे का विचारू लागला. पितांबर खाली उतरला. रस्त्यापलीकडे एक म्हातारा पंक्चरवाला छपरात बसला होता, मागे त्याचं लहानसं शेत होतं. पितांबर त्याच्याकडे गेला आणि बाकावर टेकला. चाक निघालं, ट्यूब पाण्यात बुडाली, बुडबुडे आले. कुंदाला वरून बोलणं ऐकू येत नव्हतं, पण म्हातारा हातवारे करून काहीतरी लांबलचक सांगत होता आणि पितांबर मान हलवत होता. मग दोघं उठून छपरामागे गेले. बराच वेळ आले नाहीत. ड्रायव्हर कुरकुरला, चाक तर केव्हाच लावून झालंय, साहेब गेले कुठे.

"विहीर बघायला," कुंदा म्हणाली आणि तिनं पिशवीतून डबा काढून त्याच्यापुढे भाकरी ठेवली.